तळ्याचं हिरवं पाणी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. शहरातल्या तलावातलं मायक्रोसिस्टिस हे नील-हरित शैवाल मोजणं हा माझा प्रकल्प आहे. एकाच दिवशी, एकाच घाटावर भरलेल्या दोन बाटल्यांचे आकडे दहापट वेगळे येतात. मोजणीत कुठे चुकतंय? (कोल्हापूर)

उत्तर: चूक बहुतेक मोजणीच्या आधीच, बाटली भरताना होते आहे. मायक्रोसिस्टिसच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, म्हणून ते तरंगतं. वारा नसलेल्या रात्रीनंतर पहाटे बरंचसं वर येतं आणि मंद वारा सुटला की तो तवंग एका काठाला जाऊन साचतो. घाटाच्या पायरीवर भरलेली बाटली त्या कोपऱ्याबद्दल सांगते, तलावाबद्दल नाही. हातभर सरकलात तरी आकडा बदलणार.

होडी मिळवाच. मधोमध एक आणि वाऱ्याच्या दिशेने दोन्ही टोकांना एकेक, अशा तीन जागा ठरवा. प्रत्येक ठिकाणी वरच्या 2 मीटर पाण्याचा सलग नमुना घ्या. त्यासाठी महागडं उपकरण लागत नाही. आतून 25 मि.मी. व्यासाची पाण्याची नळी घ्या, खालच्या टोकाला वजन आणि दोरी बांधा. नळी उभी, सावकाश सोडा, वरचं टोक रबरी बुचाने बंद करा आणि दोरीने खालचं टोक वर ओढून घ्या. सुमारे एक लिटर पाणी मिळतं. ते बादलीत ओतून ढवळा आणि लगेच 250 मि.लि.ची बाटली भरा. थांबलात तर बादलीतही तवंग वर येतो. दर फेरीला वेळ तीच ठेवा आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहा.

प्लवकजाळीने, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव गाळायच्या बारीक जाळीने, गाळलेला नमुना फक्त ओळख पटवण्यासाठी वापरा. 25 नंबरच्या जाळीची छिद्रं सुमारे 64 मायक्रॉनची असतात, त्यातून लहान शैवालं सरळ निघून जातात. त्या नमुन्यावरून लिटरमागे संख्या काढणं चूकच.

टिकवण्यासाठी ल्युगॉलचं द्रावण: 200 मि.लि. ऊर्ध्वपातित पाण्यात आधी 20 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, ते विरघळल्यावर 10 ग्रॅम आयोडीन, शेवटी 20 मि.लि. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. नुसत्या पाण्यात आयोडीन जवळपास विरघळतच नाही, म्हणून हा क्रम. 250 मि.लि. नमुन्याला 1 मि.लि.पासून सुरुवात करा आणि फिक्या कोऱ्या चहाचा रंग येईपर्यंत घाला. बाटली तपकिरी काचेची हवी. प्लास्टिक आयोडीन शोषतं, रंग उडतो आणि नमुना सडतो. महिन्यातून एकदा रंग पाहून भर घाला.

दुसरी मेख मोजणीच्या काचपट्टीवर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा सेजविक-राफ्टर कक्ष 50 × 20 × 1 मि.मी. म्हणजे 1 मि.लि.चा. 15 मिनिटांत बाकी शैवाल तळाला बसतं, पण मायक्रोसिस्टिसचे पुंजके वर काचेला चिकटून राहतात आणि नजरेतून सुटतात. उपाय: 5 मि.लि.च्या सिरिंजमध्ये नमुना घ्या, तोंड घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोर लावून दाबा. दाबाने पोकळ्या फुटतात आणि पुंजके बुडतात. लहान सिरिंज मुद्दाम सांगतो आहोत, कारण तेवढ्याच जोरात तिच्यात दाब जास्त येतो.

आणि किती मोजायचं? 400 नग मोजले तर चूक साधारण 10 टक्क्यांच्या आत राहते, 100 मोजले तर 20. मात्र हा हिशोब नग विखुरलेले असतील तेव्हाचा. 400 पेशी एकाच पुंजक्यातल्या असतील, तर तुम्ही एकच नग मोजला आहे. आधी पुंजके मोजा, मग वेगवेगळ्या आकारांच्या काही पुंजक्यांतल्या पेशी मोजून सरासरीने गुणा.

प्रश्न: गावतळ्यावर पोपटी साय आली आहे. गुरं तिथेच पाणी पितात. मोरचूद टाकावं का? (सांगोला)

उत्तर: साय आलेली असताना अजिबात नको. मोरचुदाने पेशी फुटतात आणि त्यांच्यात विष असेल तर ते सगळं पाण्यात उतरतं. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर 1979 साली पिण्याच्या पाण्याच्या धरणात असंच मोरचूद टाकल्यावर 148 जण आजारी पडले, त्यांत बहुतेक मुलं होती. नील-हरित शैवालातलं मायक्रोसिस्टिन हे विष उकळल्यानेही जात नाही. गुरांना तूर्त विहिरीचं किंवा बोअरचं पाणी हौदात द्या. साय काठीने उचलून पाहा, हात लावू नका: लांब दोरे लोंबले तर ते बहुधा तंतुशैवाल, रंगासारखी ओघळली तर नील-हरित शैवालाचा संशय धरा आणि पाणी प्रयोगशाळेत द्या.

प्रश्न: शैवालाला नत्र रोखावं की स्फुरद? (नाशिक)

उत्तर: गोड्या पाण्यात आधी स्फुरद. सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये 1955 साली ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे नील-हरित शैवाल दिसलं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी त्याचा संबंध सरोवरात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याशी जोडला. 1963 ते 1968 दरम्यान ते पाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं. नत्र फारसं घटलं नाही, स्फुरद झपाट्याने उतरलं, आणि शैवाल स्फुरदाच्या मागोमाग गेलं. काही नील-हरित शैवालं हवेतलं नत्र स्वतःच बांधतात. स्फुरदाला असा हवेचा आधार नाही.

आपल्या उथळ तलावांत मात्र एवढ्या लवकर फरक दिसेल असं समजू नका. तळाशी प्राणवायू संपला की गाळात लोहाशी बांधलेलं स्फुरद सुटून परत वर येतं. म्हणून नाल्याच्या पाण्याबरोबर तळापासून अर्धा मीटर वरचं पाणीही तपासा. बाटल्या साबणाने नाही, 10 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुवा आणि ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळा. धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असेल, तर तलावाऐवजी पावडरच मोजली जाईल.