फ्रान्सहून 'ला शाब्लिझिएन'ची शाब्ली भेट आलीये. ही कसली वाईन, आणि सोबत खायला काय करू?

आधी एकच सांगतो, ती बाटली मटणाच्या रश्श्यासोबत उघडू नका. मी उघडली होती. फ्रान्समध्ये दीजों शहरात शिकत होतो तेव्हा रूमवर चार मराठी पोरं जमलेली, घरून आलेला कांदा-लसूण मसाला घालून झणझणीत रस्सा केला आणि सोबत हीच शाब्ली. तिखटापुढे वाईन नुसती आंबट पाणी लागली, वर जिभेची आग भडकली ती वेगळीच.

शाब्ली ही पांढरी वाईन, आणि हे मूळ गावाचं नाव. पॅरिसपासून साधारण 180 किलोमीटरवर, बुर्गोन्य म्हणजे बर्गंडी या वाईनच्या प्रदेशाच्या अगदी उत्तर टोकाला. द्राक्ष एकच, शार्दोने. तिथं थंडी जास्त त्यामुळे द्राक्षात आंबटपणा चांगला टिकतो, आणि वाईनमध्ये गोडवा जवळजवळ नसतोच. एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर पारा शून्याखाली गेला की शेतकरी रात्रभर बागेत मोठमोठ्या मेणबत्त्या लावतात, नाहीतर चक्क वेलींवर पाणी फवारतात, ते पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि बर्फाच्या आत कोंब जिवंत राहतो. इतकं करूनही 2016 आणि 2021 ला जबर फटका बसलाच.

ला शाब्लिझिएन म्हणजे सहकारी संस्था, 1923 सालची. आपल्याकडे सभासद कारखान्याला ऊस घालतात ना, तोच प्रकार, फक्त इथे बरेचसे सभासद द्राक्षं स्वतः पिळून रस आणून घालतात. शाब्लीतली जवळपास पाव वाईन यांचीच. सहकारी म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण शातो ग्रेनुई ही ग्राँ क्रू, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची वाईनही हेच काढतात. लेबलवर पेती शाब्ली, शाब्ली, प्रमिए क्रू की ग्राँ क्रू ते बघा, याच क्रमानं दर्जा आणि भाव चढत जातो.

आता खाण्याचं. तिथल्या मातीत 15 कोटी वर्षांपूर्वीच्या कालवांचे शिंपले सापडतात, छोटे आणि स्वल्पविरामाच्या आकाराचे. ती चव वाईनमध्ये उतरते असं विकणारे सांगतात, ते मला काही पटत नाही, पण कालवांसोबत ही वाईन फक्कड लागते हे मात्र खरं. दीजोंच्या बाजारात शनिवारी एक बाई आखूड सुरीनं कालवं उघडून द्यायची, खाली बर्फ, बाजूला लिंबाची फोड, ब्रेड आणि लोणी. आमच्याकडे कालवं शिजवूनच खाल्लेली, त्यामुळे पहिलं कच्चं कालव मी डोळे मिटून गिळलं. वर शाब्लीचा घोट घेतला आणि मग लिंबाला हातच लावला नाही.

तेव्हापासून माझा हिशोब सोपा आहे, ज्यावर आपण लिंबू पिळतो त्यासोबत ही चालते. रवा लावून तळलेलं पापलेट, कोळंबी लसूण-बटरमध्ये परतून, तिसऱ्यांचं सुकं करायचं तर मिरचीला हात आखडता आणि ओलं खोबरं सढळ. साधं भाजलेलं चिकनही चालेल. शाकाहारी असाल तर बकरीच्या दुधाचं चीज मिळालं तर बघा, नाहीतर बटाट्याची भजी, पण तिखट चटणी नको.

आणि ग्लासात बर्फ टाकू नका प्लीज. फ्रीजमध्ये गार करा, प्यायच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा, फार गार असली तर वासच येत नाही.