सायकलवर कॅमेरा: कोणता घ्यायचा, कुठं बसवायचा?

मागच्या अंकात म्हैसमाळ घाटाच्या राइडवर लिहिलं होतं, त्यानंतर तुमचे जे प्रश्न आले त्यात टायर-गिअरचे थोडे आणि कॅमेऱ्याचेच जास्त. म्हणून यावेळी फक्त कॅमेरा. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून फक्त गाव ठेवलंय.

माझं बजेट बारा हजार आहे, त्यात नवीन गोप्रो (सायकल-हेल्मेटला लावायचा छोटा अॅक्शन कॅमेरा) बसत नाही. ऑनलाइन चार-पाच हजारात फोरके लिहिलेले कॅमेरे दिसायलेत, रिव्ह्यू पण चांगले आहेत. घेऊन टाकू का? (लातूर)

नका घेऊ. डब्यावर फोरके, म्हणजे खूप बारकाव्याचं मोठं चित्र, असं छापायला खर्च येत नाही हो. यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा सेन्सर तेवढं चित्र पकडतच नाही, लहान चित्र ताणून मोठं करतात, नाहीतर फोरके देतात पण सेकंदाला १०-१५ फ्रेम, म्हणजे सायकल धक्के खात चालल्यासारखी दिसते. घेताना "फोरके आहे का" हे विचारूच नका, "किती फ्रेमला आहे आणि स्टॅबिलायझेशन (हलणारं चित्र स्थिर करायची सोय) चालू ठेवून किती मिळतं" हे विचारा, दुकानदार गडबडला की समजून जा.

खरी गोष्ट स्टॅबिलायझेशनचीच आहे. गोप्रोनं २०१८ साली हिरो ७ ब्लॅकमध्ये हायपरस्मूथ नावाचं स्टॅबिलायझेशन आणलं आणि डीजेआयचा पहिला ऑस्मो अॅक्शन २०१९ मध्ये आला, तिथून पुढचं कुठलंही मॉडेल सेकंडहँड चांगल्या अवस्थेत मिळालं तर ते त्या नव्या कोऱ्या डब्यापेक्षा कितीतरी बरं. जुना घेताना बॅटरी काढून टेबलावर ठेवा, गोल-गोल डुगडुगली तर फुगलेली आहे. बॅटरीच्या दाराचं रबर बघा, लेन्सच्या काचेवर ओरखडे बघा, आणि तिथंच दहा मिनिटं सलग रेकॉर्डिंग करून बघा, विकणारा कितीही घाईत असू द्या. पैसे उरले तर चांगला माउंट (कॅमेरा बसवायची पकड) आणि व्ही३० (हा कार्डाच्या वेगाचा शिक्का) लिहिलेलं ब्रँडेड मेमरी कार्ड घ्या, बिलासकट. आणि घरच्यांना, ग्रुपवर मोबाईलवर दाखवायला १०८० (फोरकेपेक्षा लहान चित्र) भरपूर झालं.

हँडलला कॅमेरा लावलाय पण व्हिडिओ बघवत नाही, सगळं जेलीसारखं हलायलंय. मित्र म्हणतो छातीला लाव, दुसरा म्हणतो हेल्मेटला. आमच्याकडचे रस्ते तुम्हाला माहितीच आहेत. (जालना)

रस्ते माहिती आहेत, खड्डे चुकवून चुकवून हात दुखतात ते आम्हालाही कळतं. पण जेलीचं कारण नुसता रस्ता नाही. या कॅमेऱ्यांचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात वाचत नाही, वरून खाली ओळीनं वाचत येतो, आणि तेवढ्या वेळात कॅमेरा थरथरला तर वरची ओळ एकीकडे, खालची दुसरीकडे. मोठा हेलकावा स्टॅबिलायझेशन सांभाळतं, बारीक थरथर त्याला आवरत नाही. म्हणजे थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचूच द्यायची नाही.

आधी माउंटची दांडी बघा. दोन-तीन जोड एकमेकांत अडकवून कॅमेरा वर काढला असेल तर प्रत्येक जोडात थोडी ढील असते आणि टोकाला ती वाढत जाते. दांडी जितकी आखूड तितकं बरं. क्लॅम्प स्टेमच्या (हँडल मधोमध धरणाऱ्या जोडाच्या) अगदी जवळ लावा. बऱ्याच सायकलींचं हँडल मधोमध ३१.८ मिमी जाड असतं, साध्या सायकलींचं २५.४, क्लॅम्प त्या मापाचा आहे ना ते बघा आणि मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घाला. प्लास्टिकच्या पट्ट्याचा क्लॅम्प असेल तर बदलून धातूचा घ्या. जीपीएस मीटर पुढं काढणारा माउंट असेल तर त्याच्या खालच्या बाजूला कॅमेरा उलटा टांगता येतो, चित्र सुलटं करायचं काम कॅमेरा स्वतः करतो. आणि टायरमध्ये दगडासारखी हवा भरत असाल तर साइडवॉलवर लिहिलेल्या मर्यादेत राहून थोडी कमी करा, व्हिडिओसोबत तुमचे मनगट पण दुवा देतील.

आता छाती की हेल्मेट. तुमचं शरीर हाच सगळ्यात चांगला शॉकअप आहे, त्यामुळं दोन्ही हँडलपेक्षा स्थिर. एमटीबी (डोंगर-कच्च्या रस्त्याची सायकल) असेल तर छातीला लावा, हात-हँडल-रस्ता सगळं येतं, वेग पण जाणवतो. रोडबाइकवर मात्र वाकून बसल्यावर छातीचा कॅमेरा पुढच्या चाकाकडे बघत बसतो, घरी येऊन बघितलं की तासभर नुसता टायर. वर तिरका करून लावा, आणि निघण्याआधी सायकलवर बसून, हात ड्रॉपमध्ये (हँडलच्या खालच्या वाकड्या भागात) ठेवून, मोबाईलच्या अॅपवर फ्रेम बघा, उभं राहून बघू नका. हेल्मेटवरून दृश्य झकास पण तुम्ही जिकडं बघाल तिकडं व्हिडिओ फिरतो, म्हशी बघितल्या की म्हशी. त्यात दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन डोक्यावर, तीन-चार तासांनी मान बोलायला लागते.

कुठंही लावा, एक नायलॉनची दोरी कॅमेऱ्याला आणि तो जिथं लावलाय त्या सायकलला किंवा पट्ट्याला बांधा. माउंट तुटतात.

हेल्मेटला भोक पाडून स्क्रूनं कॅमेरा फिक्स केला तर? (परभणी)

अजिबात नाही. हेल्मेटचा थर्माकोल एकसंध असेल तरच काम करतो. हवेच्या छिद्रांतून जाणारा पट्टा मिळतो, तो घ्या.

दादा, मी म्हैसमाळचा घाट जीव काढून चढलो, व्हिडिओ बघितला तर सपाट रस्ता दिसायलाय, मित्र हसायलेत. काही उपाय आहे का? मी कॉलेजला आहे. (छत्रपती संभाजीनगर)

अरे, हे सगळ्यांचंच दुखणं आहे, मनावर घेऊ नकोस. वाइड लेन्स सगळं लांब ढकलते, आणि तुझा कॅमेरा रस्त्याला समांतर आहे, रस्ता चढला की तो पण तेवढाच तिरका होतो, मग चढ दिसणार कुठून? सेटिंगमध्ये वाइड काढून लिनियर (कमी रुंद, सरळ रेषांचं दृश्य) कर, थोडा फरक पडेल. जास्त फरक पडतो तो फ्रेममध्ये काहीतरी सरळ उभं किंवा आडवं असल्यावर. विजेचा खांब, घराची भिंत, खाली दिसणारं पठार. वळणावर थांब, सायकल बाजूला लाव, कॅमेरा कठड्यावर ठेव आणि मित्राला खालून चढत येताना बाजूनं शूट कर. ते दहा सेकंद अख्ख्या घाटाच्या व्हिडिओपेक्षा जास्त बोलतील. आणि माइकजवळ स्पंजचा तुकडा लाव, तुझा दम ऐकू येऊ दे की, नुसता वारा काय ऐकवतोस.

दौलताबादकडून जाशील तर तिथल्या जुन्या दरवाज्यात रस्ता अरुंद आहे, गाड्या अंगावर येतात, तिथं कॅमेऱ्याच्या बटणाशी खेळू नकोस.

दोनशे किमीची बीआरएम करायची आहे, सगळी रेकॉर्ड करावी म्हणतोय. बॅटरी तासात संपते आणि उन्हात कॅमेरा बंद पडतो. (नांदेड)

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, दोनशेच्या बीआरएमला साडेतेरा तास असतात. १०८० वर सेकंदाला साधारण ४५ मेगाबिटनं रेकॉर्ड केलं तरी तासाला २० जीबी, म्हणजे पूर्ण वेळ लागला तर २७० जीबी झाले, आणि फोरकेला १०० मेगाबिट धरले तर तासाला ४५. ते बघणार कोण साहेब? तुम्ही पण नाही बघणार. कॅमेरा बंद ठेवा, एक बटण दाबलं की चालू होऊन रेकॉर्डिंग सुरू होतं ती सोय गोप्रोत आहे, बाकीच्यांतही असते, ती वापरा. सूर्योदय, कंट्रोल पॉइंट (वाटेत हजेरी द्यायची जागा), चहा, शेवटचे दोन किलोमीटर, झालं की. दोन जादा बॅटऱ्या खिशात ठेवल्या तर पुरतात. पॉवरबँक टॉपट्यूबच्या (फ्रेमच्या वरच्या आडव्या दांडीच्या) पिशवीत ठेवून केबल लावता येते, पण दार उघडं राहतं, मग वॉटरप्रूफ विसरा.

उन्हाचं म्हणाल तर गोप्रो कंपनीच ३५ अंशांपर्यंत वापरा म्हणते आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. चालत्या सायकलवर वारा लागतो तोवर कॅमेरा टिकतो, तुम्ही उसाचा रस प्यायला थांबलात आणि तो उन्हात चालूच राहिला की गेला. थांबलात की बंद करून सावलीत. जीपीएस, वायफाय बंद ठेवा, फोरके सोडा. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका.

व्हिडिओची हौस नाही. हायवेवर ट्रक आणि सीझनला उसाचे ट्रॅक्टर इतके जवळून जातात की पुरावा असावा वाटतो. (बीड)

मग तुमचा कॅमेरा मागं, सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांडीला. इथं मात्र फोरके कामाचं, कारण वाइड लेन्समध्ये नंबरप्लेट फार बारीक येते. दिवसा प्लेट वाचता येते, अंधारात हेडलाइटनं पांढरी होऊन जाते, त्यामुळं रात्री कॅमेऱ्यापेक्षा मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट महत्त्वाचं. पावसाळ्यात काळी माती लेन्सवर उडते, मडगार्ड लावा. फ्रेम रेट २५ किंवा ५० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची, ३० वर ठेवलं तर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं.

लूप रेकॉर्डिंग चालू ठेवा म्हणजे कार्ड भरलं की जुनं पुसत जातं, पण काही घडलं तर लगेच थांबवा, नाहीतर तेच पुसलं जाईल. तारीख-वेळ आधीच बरोबर लावून ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणं असल्या रेकॉर्डसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश (फाइल बदलली तर बदलणारा तिचा ओळख-क्रमांक) पण लिहावी लागते. म्हणून मूळ फाइल कार्डवर तशीच ठेवा, कापू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली कॉपी दाबून लहान झालेली असते, तिच्यावर भागवू नका.

आणि उसाच्या ट्रॉलीला मागं नंबर दिसेलच असं नाही. गाडी पुढं गेली की हेडचा, म्हणजे पुढच्या ट्रॅक्टरचा नंबर, रंग, जागा, जे दिसेल ते मोठ्यानं बोला. लोक वेड्यासारखं बघतील, बघू द्या. रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज येतो.