घरात कोणाला माहीत आहे?

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. तुझी टीबीची पेशंट, बावीस वर्षांची नवी सून, तिसऱ्या महिन्यात गोळ्या बंद, फोन बंद, आणि तुझा प्रश्न: 'इतकं समजावूनही ती ऐकत का नाही?' काय समजावलंस ते विचारत नाही, पेशंटच्या घरी जाणाऱ्या आपण सगळ्याजणी तेच सांगतो: 'कोर्स अर्धवट सोडलास तर औषधाला दाद न देणारा टीबी होईल.' हे तिला पाठ आहे गं! घरात कोणाला माहीत आहे, हे विचारलंस का?

टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. गोवंडीतल्या एका खोलीच्या घरात, पडद्यामागच्या मोरीत ती लपवायची कशी? ताप-खोकला होता तोवर दवाखान्यात जायला निमित्त होतं. दोन महिन्यांत ताप गेला, अंग भरलं. आता सासूने विचारलं, 'रोज एवढ्या गोळ्या कसल्या?' तर ती काय सांगणार? पोषण आहाराचे सरकारकडून महिन्याचे 1000 रुपये पेशंटच्या खात्यात जमा होतात आणि बँकेचा मेसेज नवऱ्याच्या मोबाईलवर वाजतो. म्हणून ती खातेनंबर देत नाही, आणि आपण शेरा मारतो: 'पेशंट सहकार्य करत नाही.' या शेऱ्याची मला चीड येते. आधी विचार, घरात कोणाला माहीत आहे?

एकेका घरात मी फार वेळ घालवते, रजिस्टर मागे पडतं, असं वरिष्ठ ऐकवायचे. पडू दे, म्हणायचे मी. आजही तेच म्हणेन. टीबी ताटवाटीतून पसरत नाही, औषध नीट चालू असलं की काही आठवड्यांत लागण होण्याची भीती बरीच कमी होते, हे नीट बसून सांगितल्यावर सुनेच्या गोळीची वेळ स्वतः सांभाळणाऱ्या सासवा मी पाहिल्यात. पण सांगायचं कोणाला, हे त्या मुलीनेच ठरवायचं. सासू नको तर आई, आई लांब असेल तर शेजारीण. एकजण तरी हवीच. 'गावाला गेली' एवढंच कळून हातातून सुटलेल्या किती सुना मला अजून आठवतात. त्यांच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

आता फोन लावत बसू नकोस. दुपारी जा, नवरा कामावर असताना. गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये ठेव, दारात टीबीचं नाव काढू नकोस. थुंकी तपासायची आहे, डॉक्टरांना दाखवायचं आहे, पण ते नंतर. आधी तिच्याजवळ बस आणि घरात कोणाला माहीत आहे ते विचार. गोळ्यांचा विषय तिच्याकडून निघू दे.

तुझी,
ताई