उन्हाळ्याआधी घरच्या ठिबकची सफाई

फेब्रुवारी संपायच्या आत ठिबक साफ करून घ्या. एप्रिलमध्ये झाड सुकल्यावर ड्रिपर (झाडाशी थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी) बंद होता हे कळून काय उपयोग? आधी फिल्टरची जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासा, मगच नळ्यांची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. उलट केलंत तर फिल्टरमधला गाळ पुन्हा नळीत शिरतो.

मोजमाप मात्र टाळू नकाच. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली ६ मिनिटांत ४०० मिली पाणी जमायला हवं. पण हा आकडा १ बार दाबाचा, म्हणजे टाकी ड्रिपरपेक्षा १० मीटर उंचावर असेल तेव्हाचा. गच्चीवरची टाकी ३ मीटरवर असेल तर साध्या ड्रिपरला जेमतेम निम्मं मिळतं. तिथे ड्रिपर एकमेकांशी ताडून बघा. सगळेच कमी असतील तर दोष दाबाचा, एखादाच कमी असेल तर तो चोंदलाय.

बोअरच्या पाण्याचा पांढरा थर क्षारांचा असतो. ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. सुईने टोचू नका, भोक मोठं झालं की तो ड्रिपर बदलावाच लागतो. थर हिरवट, बुळबुळीत असेल तर ते शेवाळ; टाकीवर घट्ट झाकण बसवा, उजेडाशिवाय ते वाढत नाही.