तळ्यापलीकडच्या त्या सांगाड्याचं काय झालं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेच्या सुट्टीत तुम्ही सहा जण, म्हणजे तुम्ही दोघं, दोन मुलं, दीर आणि सासूबाई, ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला निघालात. पॉप सेंच्युरी हॉटेलात दोन खोल्या बघून ठेवल्यात. तेवढ्यात दिरांनी एक जुना फोटो दाखवला. हॉटेलासमोर तळं, तळ्यावर पूल आणि पुलापलीकडे बिनरंगाच्या ओसाड इमारती. दीर म्हणतात जमीन खचली, मावसभाऊ म्हणतो कंत्राटदाराशी कोर्टकचेरी झाली, शेजारच्या काकूंनी तर थेट भूतच घातलं त्यात. वर 2020 मध्ये काम थांबलेल्या दुसऱ्याच एका हॉटेलाबद्दल तुम्ही वाचलंत. आता विचारताय की ही मंडळी हॉटेलं अर्धवट का टाकतात, आणि आपण तिथे राहावं की नाही.

राहा, खुशाल राहा. बाकीचं जरा लांबण लावून सांगतो, कारण माझी सगळी नोकरी साइटवर गेली आणि तो सांगाडा मी या डोळ्यांनी पाहिलाय. 2006 साली मुलीकडे गेलो होतो तेव्हा. जावई मुलांना घेऊन पोहायला उतरले आणि मी तळ्याच्या काठाला जाऊन उभा राहिलो. बायको म्हणाली, "सात समुद्र ओलांडून आलात ते साइट बघायला?"

काय करणार, सवय. आपल्याकडे अर्धवट इमारत दिसली की मी आधी वर बघतो. पुढच्या मजल्यासाठी कॉलममधून सळया बाहेर सोडलेल्या असतात. ज्याला परत यायचंय तो बिल्डर त्यांना सिमेंटची स्लरी फासून ठेवतो, म्हणजे गंज धरत नाही. ज्याला यायचं नसतं तो तशाच उघड्या टाकून जातो. दोन पावसाळ्यांत कॉलमवरून तांबूस ओघळ उतरतात, आणि तिसऱ्या वर्षी कुठल्या तरी फटीत पिंपळ उगवतो. पिंपळ दिसला की मी त्या साइटचा नाद सोडतो.

तळ्यापलीकडे सळया नव्हत्याच. चार मजले उभे, वरून इमारत बंद केलेली, भोवती धड कुंपण. 2004 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चार्ली, फ्रान्सिस आणि जीन अशी तीन चक्रीवादळं मध्य फ्लोरिडावरून गेली, त्यातूनही तो सांगाडा तसाच्या तसा उभा होता. जमीन खचली असती तर तेव्हाच कळलं असतं. (फ्लोरिडात जमीन खचते हे मात्र खरं. खाली चुनखडीचा दगड आहे, तो पाण्यात विरघळून पोकळ्या होतात. दीर अगदीच हवेत बोलत नाहीयेत.) मी बायकोला म्हटलं, हे टाकलेलं काम नाही, थांबवलेलं आहे.

थांबवलं का, यात गूढ काही नाही. मूळ बेत दोन भागांचा होता, विसाव्या शतकातल्या एकेका दशकाची सजावट असलेल्या हॉटेलाचा. एका बाजूला 1950 ते 1990 ही दशकं, दुसऱ्या बाजूला 1900 ते 1940. प्रत्येक भागात 2,880 खोल्या, दोन्ही मिळून 5,760. मधल्या तळ्याचं नाव अवरग्लास लेक, आणि त्यावरच्या पुलाचं नाव जनरेशन गॅप. ही कोटी कुणाला सुचली त्याला माझा नमस्कार. मग 11 सप्टेंबर 2001 उजाडला. लोकांनी विमानात बसणंच सोडलं, आणि आहेत त्या खोल्या रिकाम्या असताना आणखी साडेपाच हजार कोण उघडेल? पहिला भाग कसाबसा 14 डिसेंबर 2003 ला सुरू झाला. दुसरा जिथे होता तिथे थांबला.

रिकाम्या खोल्यांची धास्ती या कंपनीला आधीपासून होती. 1992 मध्ये पॅरिसजवळचं पार्क उघडताना त्यांनी पहिल्याच दिवशी सहा हॉटेलं आणि सुमारे 5,200 खोल्या तयार ठेवल्या होत्या. लोक सकाळी यायचे आणि संध्याकाळी घरी जायचे. दोन वर्षांत कर्जाची फेरमांडणी करायची वेळ आली. ज्यानं हे एकदा भोगलंय, तो 2001 नंतर घाईनं रंगारी बोलावणार नाही.

आता खरा फरक. आपल्याकडे इमारत अडकली की आत माणसं अडकतात. माझंच सांगतो. भांडुपला मी फ्लॅट घेतला, बिल्डरचं नाव जाऊ दे. सातव्या स्लॅबला काम बंद पडलं. इकडे भाडं, तिकडे बँकेचा हप्ता, आणि दर रविवारी मी हेल्मेट घालून वर चढून सळया बघायचो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशीसुद्धा माझ्या डोक्यात घरात शिरलेलं पाणी नव्हतं, तो उघडा सातवा स्लॅब होता. नऊ वर्षांनी ताबा मिळाला. नकाशात बाग होती तिथे पार्किंगचा पोडियम आला. माझ्या फ्लॅटची बाल्कनी हॉलमध्ये गेली. सातवा मजला मात्र सातवाच राहिला, एवढं बरं झालं.

तिकडे जमीन कंपनीची स्वतःची, सुमारे 25,000 एकर. कुणाला आगाऊ खोली विकलेली नाही. त्या भागाचा कारभारही 1967 पासून रीडी क्रीक नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याकडे होता. कंपनीच्याच वळणाचा, बांधकामाचे नियमसुद्धा त्याचे त्याने केलेले. 2023 मध्ये फ्लोरिडा राज्य सरकारनं ती व्यवस्था बदलली, पण आपल्या गोष्टीच्या काळात ती चालू होती. तेव्हा सांगाडा दहा वर्षं उभा राहिला तर कुणाच्या घरची चूल अडत होती? मोर्चा नाही, महारेरा नाही, मंत्र्याला निवेदन नाही. तळ्याकाठी मासे पकडणाऱ्याला फोटोत नको ते दिसायचं, इतकंच.

आणि अंदाज बांधणाऱ्यांचं इथेच चुकलं. त्या वर्षांत जो तो विचारायचा, "दुसरा भाग कधी पूर्ण होणार?" मीसुद्धा त्यातलाच. पर्यटन सावरलं की उरलेल्या दशकांच्या खोल्या होतील, दोन-तीन वर्षांत उघडेल, असं मी घरी येऊन छातीठोक सांगितलं होतं. सपशेल चुकलो. भांडुपच्या नकाशाचं काय चाललंय हे रोज बघूनही मला कळलं नाही की थांबलेली इमारत जुन्या नकाशाबरहुकूम पूर्ण होत नसते. मधल्या काळात मालकाची गरज बदललेली असते.

1900 ते 1940 ही कल्पना तशीही अवघडच होती म्हणा. पहिल्या भागात पन्नाशीच्या दशकाला बोलिंगच्या अवाढव्य बाटल्या आहेत, ऐंशीला रुबिक क्यूब. मुलं धावत जाऊन फोटो काढतात. चाळीसच्या दशकाला काय ठेवणार? आमच्या आजीला कुणी 1940 चं दशक विचारलं असतं तर तिनं 14 एप्रिल 1944 चा गोदीतला स्फोट सांगितला असता, मांडवीपर्यंत कसे लोखंडाचे तुकडे येऊन पडले ते. त्याच्यावर पोहण्याचा तलाव कसा बांधायचा?

दरम्यान कंपनीला वेगळंच काहीतरी दिसलं. ऑल-स्टार म्युझिक या तिच्याच स्वस्तातल्या हॉटेलात काही खोल्यांच्या जोड्या फोडून मोठे फॅमिली स्वीट केले, आणि ते चालले. पाच-सहा जणांच्या कुटुंबाला दोन खोल्यांत विभागून राहायचं नसतं, हे आपल्याला काय सांगायला हवं? मग मे 2010 मध्ये जाहीर झालं की तळ्यापलीकडे आर्ट ऑफ ॲनिमेशन नावाचं नवं हॉटेल होणार. दशकं गेली, कार्टून आली, एकेका विभागाला एकेका कार्टून चित्रपटाचं नाव. 31 मे 2012 ला पहिला विभाग उघडला, 15 सप्टेंबरला शेवटचा.

आता मला आवडणारा भाग. जुना सांगाडा गेला कुठे? पाडला असेल असं पुष्कळांना वाटतं. नुसता हिशेब करून बघा. पॉप सेंच्युरीच्या 2,880 खोल्या दहा इमारतींत आहेत, म्हणजे एका इमारतीत 288. नव्या हॉटेलात एकूण 1,984, त्यातले 1,120 स्वीट आणि 864 साध्या खोल्या. साध्या खोल्या सगळ्या लिटल मर्मेड विभागात, तीन इमारतींत. 864 भागिले 3 किती? बरोब्बर 288. तोच सांगाडा आहे तो, मत्स्यकन्येचा झगा घातलेला.

साइटवरच्या माणसाला हे हिशेबाशिवायही दिसतं. 2016 साली आम्ही तिथे राहिलो. निमो, कार्स आणि लायन किंग हे विभाग नवे बांधलेले. तिथे लिफ्टमधून उतरलं की आतला बंद, थंड कॉरिडॉर लागतो. मर्मेड विभागात दार उघडलं की थेट बाहेर, आपल्या चाळीच्या गॅलरीसारखं. कठड्याला टेकून समोरच्याशी गप्पा मारता येतील असं. खोलीही पॉप सेंच्युरीच्या मापाची, सुमारे 260 चौरस फूट. स्वीट 565 चौरस फुटांचा आहे. दोन जुन्या खोल्या जोडल्या तरी 520 होतात, माप बसत नाही. बहुधा म्हणूनच जुन्या भिंती फोडायच्या भानगडीत न पडता त्यांनी तिन्ही इमारती तशाच साध्या खोल्यांसाठी वापरल्या आणि स्वीट नव्यानं उभे केले. मी असतो तर मीही हेच केलं असतं. उभ्या आरसीसीला हात लावणं म्हणजे दुप्पट खर्च आणि तिप्पट डोकेदुखी.

खोल्या 896 नी कमी झाल्या म्हणून धंदा कमी झाला असंही नाही. स्वीटमध्ये सहा जण झोपतात, साध्या खोलीत चार. गुणाकार केलात तर 10,176 माणसं होतात. जुन्या बेतात 11,520 झाली असती. दारं पुष्कळ कमी, डोकी जवळपास तेवढीच, आणि स्वीटचं भाडं साध्या खोलीच्या कितीतरी वर.

त्या स्वीटमधली एक गोष्ट मात्र बघून या. जेवायचं टेबल आहे ना, ते उलटवलं की पलंग होतो. नातू टाळ्या पिटत होता, "आजोबा, जादू!" मी लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ जणांत वाढलो. आमच्याकडे रात्री टेबल भिंतीला टेकवून उभं व्हायचं आणि त्याच जागी दोन गाद्या पडायच्या. आम्हाला कुणी टाळ्या पिटल्या नाहीत.

2020 चं हॉटेल वेगळं. ते ऑक्टोबर 2018 मध्ये जाहीर झालं, 900 हून जास्त खोल्या, 2022 ला उघडणार म्हणून. रिफ्लेक्शन्स हे नाव त्याला पुढे मिळालं. बे लेकच्या काठी, जिथे 1976 पासून 2001 पर्यंत रिव्हर कंट्री हा त्यांचा पहिला जलक्रीडा पार्क होता. कोविड आला आणि काम थांबलं. पुन्हा तेच अंदाज, तेच "कायमचं बंद". इथे मी शहाणा झालो होतो, गप्प राहिलो. आता तिथे काम चालू आहे, नाव बदलून डिस्ने लेकशोर लॉज झालंय आणि 2027 मध्ये उघडेल असं कंपनीनं जाहीर केलंय. जुनं चित्र बाजूला ठेवा, नवीन बघा.

आणि टप्प्याटप्प्यानं हॉटेल उघडणं ही काही फक्त अमेरिकेची गंमत नाही. खोपोलीला इमॅजिकाजवळचं नोव्होटेल 287 खोल्यांचं योजलं होतं, 2015 मध्ये उघडलं ते 116 खोल्यांनी. एक्स्प्रेसवेवरून जाताना तेव्हाही लोक म्हणायचेच, "हे काही पुरं होत नाही."

तुमच्या बुकिंगबद्दल. सहा जण आहात, तर पॉप सेंच्युरीतल्या दोन खोल्या आणि पलीकडचा एक स्वीट यांचे दर एकाच तारखेला शेजारी ठेवून बघा. स्वीटमध्ये दोन बाथरूम आहेत, लहान फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे. सासूबाईंचा वरणभात गरम होईल. दोन खोल्या स्वस्त पडल्या तर पॉप सेंच्युरीच बरं, फक्त शेजारशेजारच्या, मधून दार असलेल्या मागा. मर्मेड विभाग मात्र सासूबाईंसाठी घेऊ नका. तो लॉबीपासून सगळ्यांत लांब, आणि दुपारचा पाऊस आला की गॅलरीतून पाय भिजवत जावं लागतं.

चालणं तसंही फार नाही. 29 सप्टेंबर 2019 पासून तळ्यावरच केबलकारचं स्टेशन आहे, स्कायलायनरचं, दोन्ही हॉटेलांना मिळून एकच. ज्या पुलावरून 2006 साली मला पलीकडे जाता आलं नव्हतं, त्याच्यावर सकाळी आठला दादर स्टेशनच्या पुलासारखी गर्दी असते. मुलांना कठड्याजवळ घेऊन उभे राहा आणि मर्मेडच्या तीन इमारती बोटानं दाखवा. दिरांनी तो जुना फोटो मोबाइलमध्ये ठेवलाच असेल, ताडून बघायला सोपं जाईल.