आठवा पाय कुठे बसवू?

मागच्या अंकात उरलेल्या कापडातून ऑक्टोपस शिवायला दिला होता: खाली गोल बूड, त्याला आठ पाय, वर आठ कळ्या, म्हणजे निमुळत्या उभ्या पट्ट्या, जोडून केलेलं डोकं. सोपा म्हणून दिला होता. पत्रं वाचून कळलं की मला सोपा.

प्रश्न : ताई, नातीच्या पहिल्या वाढदिवसासाठी सासूबाईंच्या जुन्या इरकलीचा ऑक्टोपस शिवायला घेतला. बुडाचा गोल 11.5 सेंटिमीटर व्यासाचा कापला. त्याचा घेर 36 येतो, म्हणून प्रत्येक पाय शिवून साडेचार सेंटिमीटर भरेल असा हिशेब केला आणि दोन्ही बाजूंना शिवणीत जाणारी माया धरून 6 सेंटिमीटरचे पाय कापले. सात पाय टाचले आणि गोल संपला! आठवा हातातच. तीनदा उसवून पाहिलं. सातच ठेवले तर चालतील का?
— एक आजी, सांगली

उत्तर : आजी, नात आज एक वर्षाची आहे. दोन-तीन वर्षांनी मोजायला लागली की तुम्हालाच पकडेल. आठवा पाय बसवूच.

तुमचा हिशेब चोख आहे, फक्त चुकीच्या रेघेवर केलाय. तुम्ही घेर मोजलात कापलेल्या कडेवर, पण पाय बसतात टिपेवर. टीप कडेपासून पाऊण सेंटिमीटर आत चालते. दोन्हीकडून मिळून व्यास दीडने घटला, उरला 10. त्याचा घेर 31.4. साडेचाराने भागून बघा, सातच पाय येतात. हरवलेले साडेचार सेंटिमीटर म्हणजे नेमका तुमचा आठवा पाय. तो मायेत अडकलाय! शिवणाच्या वर्गात मी मुलींना गोल कापल्याबरोबर आत टिपेची रेघ खडूने काढायला लावायची. कुरकुरायच्या. पण सुती चौकोनी पिशव्या शिवून हात बसलेल्या बायका गोलावर हमखास इथेच फसतात, कारण सरळ कडेला टीप आत घेतली तरी लांबी तेवढीच राहते.

आता नवे पाय कापू नका. प्रत्येक पायाच्या तोंडाशी, मधोमध, 3 मिलिमीटर खोल एक चुणी घाला. चुणी दुप्पट कापड खाते, म्हणजे प्रत्येक पाय 6 मिलिमीटरने अरुंद होईल आणि आठही जण 31.4 मध्ये मावतील. त्या चुणीमुळे पाय मुळाशी जरा फुगतो आणि छान बाहेर झेपावतो. पाय एकमेकांवर चढवून जागा करू नका. तिथे कापडाचे इतके थर होतात की सुई मोडते, आणि पाय एका बाजूला कलतात.

जुनी इरकल टिपेपाशी विरते. पाय झाले ते झाले. डोक्याच्या कळ्या कापायच्या आधी मागून पातळ पेस्टिंग, म्हणजे चिकटणारं अस्तर, इस्त्रीने चिकटवा. आणि न विचारलेलं एक सांगते: एक वर्षाच्या बाळाच्या खेळण्याला बटणांचे डोळे नकोत. बटण निघतं आणि थेट तोंडात जातं. डोळे दोऱ्याने भरा. तीन वर्षांच्या आतल्या कुठल्याही मुलासाठी मी हेच सांगेन.

प्रश्न : मी पुरुष आहे, हसू नका. आईच्या पायमशीनवर मुलासाठी पॉपलीनचा ऑक्टोपस शिवतोय. तीन अडचणी. आठही कळ्या जोडल्यावर डोक्याचं तोंड 31.4 च्या जागी जेमतेम 27 भरलं. चार पाय जिलबीसारखे पिळले गेलेत. आणि पाय भरून झाल्यावर ते बुडाला जोडायला गेलो तर मशीनचं फूट खालीच बसेना.
— एक बाबा, डोंबिवली

उत्तर : दादा, हसले नाही. आमच्या गावचे सगळे शिंपी पुरुषच होते.

डोकं आधी. तुम्ही माया पाऊणऐवजी एक सेंटिमीटर घेतली असणार; फुटाच्या कडेच्या अंदाजाने शिवलं की असंच होतं. फरक अडीच मिलिमीटरचा, म्हणजे सूतभरही नाही. पण प्रत्येक शिवण दोन कळ्यांमधून खाते, म्हणजे 5 मिलिमीटर. शिवणी आठ. झाले 4 सेंटिमीटर. सगळं उसवू नका. खालच्या चार-पाच सेंटिमीटरपुरती, जुन्या टिपेच्या बाहेरून अडीच मिलिमीटरवर नवी टीप घ्या, वर तिरकी नेऊन जुनीत मिळवा, मग जुनी तेवढी उसवा. पॉपलीनवरची सुईची भोकं ओलसर इस्त्रीने बुजतात. पुढच्या वेळी सुईपासून साडेसात मिलिमीटरवर मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा आणि कड तिच्या धारेने चालवा. अंदाज मशीनवर नको, भाजीत मीठ घालताना ठीक.

पिळाचं कारण मशीनच्या दातांत आहे. खालचे दात खालचं कापड पुढे ओढतात, वरचं कापड फुटाखाली रेंगाळतं. तुम्ही एक बाजू मुळाकडून टोकाकडे शिवलीत, टोकाला वळून दुसरी टोकाकडून मुळाकडे आलात. एका बाजूला कापड इकडे सरकलं, दुसऱ्या बाजूला तिकडे. झाली जिलबी. दोन्ही बाजू मुळाकडूनच सुरू करा आणि टोकाशी थांबा. शिवाय पायाचा मध्य कापडाच्या उभ्या धाग्यावर हवा. कापड वाचवायला चार पाय तिरके बसवले असतील, तर पिळलेले चार तेच निघतील, बघा.

फूट बसत नाही, कारण घाई. आधी पाय रिकामे सुलटवा. निमुळता पाय सुलटवायला जाड स्ट्रॉ आतून टोकापर्यंत सरकवा, बाहेरून पेन्सिलीच्या बोथट बाजूने टोक स्ट्रॉमध्ये ढकला आणि पाय पेन्सिलीवर ओढत चला. विणकामाच्या सुईने टोचू नका, टोक फाटतं. मग भरा, पण वरचे तीन सेंटिमीटर रिकामे ठेवा, म्हणजे फूट सपाट कापडावर चालेल. आठही पाय बुडाच्या गोलाला जोडा, डोक्याला नाही. गोल सपाट असतो, हात फिरतो. डोकं शेवटी, हाताने, लपता टाका घालून.

प्रश्न : ऑक्टोपस नीट बसावा म्हणून बुडात वजन काय घालावं? तांदूळ?
— रत्नागिरी

उत्तर : कोकणात राहून तांदूळ! मी एकदा ज्वारी भरली होती. श्रावणात खेळणं हलकं हलकं होत गेलं आणि बुडाच्या शिवणीतून पीठ झडायला लागलं. उसवलं तर आत पोरकिड्यांचा संसार. धान्य नको. मोठ्या माणसाच्या टेबलावर ठेवायचा असेल तर मण्यांची छोटी पुरचुंडी वेगळी, दुहेरी शिवून आत ठेवा. मुलासाठी असेल तर वजनच नको, बूड रुंद करा. भरायला फायबर बरं. कापूस धुतला की गोळे होतात. सावरीचा कापूस हलका, पण विरळ विणीतून बाहेर येतो आणि घरभर उडतो.

प्रश्न : आमच्याकडे सगळे ह्याला म्हाकूल म्हणतायत. आजोबा म्हणतात पाय दहा हवेत. खरं कुणाचं?
— मालवण

उत्तर : आजोबांचं खरं, पण म्हाकुलापुरतं, म्हणजे स्क्विडपुरतं. त्याला आठ हात आणि वर दोन लांब शुंडके असतात, टोकाला पसरट. ऑक्टोपसला आठच. आणि आपण ज्याला त्याचं डोकं म्हणतो ते बरंचसं धड असतं. तोंड खाली, पायांच्या मधोमध. हौस असेल तर बुडाच्या मध्यावर काळ्या दोऱ्याने चोच भरा.

आजोबांसाठी म्हाकूल करायचं तर डोकं लांबट घ्या, बूड तेच चालेल. 31.4 भागिले दहा, म्हणजे प्रत्येक पाय मुळाशी 3.1, माया धरून 4.6 सेंटिमीटर. टोकाकडे इतका बारीक पाय स्ट्रॉला दाद देणार नाही. बॉलपेनची रिकामी नळी घ्या.