सर्जन व्हायचंय, रँक किती हवा?

प्रश्न : मुलगी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप करतेय. तिला प्लास्टिक सर्जन व्हायचंय. नीट पीजीत (एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत) रँक किती लागतो? पसंतीक्रम भरताना मिळण्यासारख्या जागा वर घालाव्यात का?
– एक आई, फोंडा

उत्तर : प्लास्टिक सर्जरीला दोन वाटा आहेत. नेहमीची म्हणजे 3 वर्षं एमएस जनरल सर्जरी, मग नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन 3 वर्षं एमसीएच, म्हणजे सर्जरीतली त्यापुढची पदवी. दुसरी, एमबीबीएसनंतर थेट 6 वर्षांचं डीआरएनबी, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा सुपरस्पेशालिटी अभ्यासक्रम. तेही नीट पीजीच्याच रँकवर. पहिल्या वाटेवर चुरस दोनदा आहे आणि दुसऱ्या खेपेला समोर सगळे सर्जनच असतात. तरीही आम्ही तीच सुचवू, कारण जनरल सर्जरी करताना मन बदलून युरोलॉजीकडे वळणारे पुष्कळ असतात. थेट अभ्यासक्रमात ती मोकळीक राहत नाही.

रँकचा एकच आकडा सांगता येत नाही. सरकारी कॉलेजांतल्या 50 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या राज्य कौन्सेलिंगमधून, म्हणजे राज्याच्या जागावाटपातून भरतात. गोव्यात सरकारी मेडिकल कॉलेज एकच, त्यामुळे एका विषयाच्या जागा अशा विभागल्या की प्रत्येक प्रवर्गाच्या वाट्याला मोजक्याच उरतात. एखादी जागा इकडची तिकडे झाली तरी कटऑफ, म्हणजे जागा मिळालेला शेवटचा रँक, पार बदलतो. गेल्या दोन-तीन वर्षांच्या फेरीनिहाय याद्या काढा आणि फक्त आपला प्रवर्ग बघा. शेवटच्या फेरीचा कटऑफ पाहून पहिल्या फेरीत आशा धरू नका. एक गोष्ट तिच्या बाजूची आहे: जानेवारी 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वास्तव्यावर आधारित पीजी आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, पण त्याच कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना मर्यादित प्राधान्य देता येतं.

पसंतीक्रमाबद्दल म्हणाल तर मिळण्यासारख्या जागा वर अजिबात घालू नका. इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. यंत्रणा रँकच्या क्रमाने एकेकाची यादी वरून खाली वाचते आणि पहिली मोकळी जागा देते. वर अवघड जागा घातल्याने खालची हातची जात नाही, पण सोपी वर घातली की तीच गळ्यात पडते. म्हणून खरी आवड वर घाला. मात्र नको असलेली जागा यादीत कुठेच नको. पुढच्या फेरीत अपग्रेडेशन, म्हणजे यादीतली आणखी वरची जागा, मागितली आणि ती मिळाली, की आधीची आपोआप रद्द होते. परत मागता येत नाही. लॉक करण्याआधी यादी छापून दोघींनी मोठ्याने वाचा. कोर्सचं नाव, कॉलेज, कोटा, फी आणि बाँड (सेवेची लेखी हमी), ओळ न ओळ.

नीट पीजीत 200 प्रश्न असतात. बरोबरला 4, चुकीला उणे 1. अलीकडे 40-40 प्रश्नांचे 5 भाग, प्रत्येकाला 42 मिनिटं. भाग संपला की मागे फिरता येत नाही. एका प्रश्नावर 3 मिनिटं घालवली, तर त्याच भागातले पुढचे दोन-तीन हातचे प्रश्न राहून जातात. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर उत्तर द्यावंच : अशा प्रश्नामागे सरासरी दीड गुण पदरात पडतो.

इंटर्नशिप संपण्याची कट-ऑफ तारीख मात्र आजच तपासा. रजांमुळे इंटर्नशिप त्या तारखेपुढे लांबली, तर चांगला रँकही त्या वर्षी कामाला येत नाही.